भिंत निळी की काळी?

घराला रंग काढणे हा आमच्या लहानपणी एका रविवारचा प्रश्न होता. चाळीत बेडरूम नावाची वस्तूच नव्हती. एकाच खोलीत चूल, अभ्यास, आजारपण आणि झोप. वडील चुनकळी आणून पिंपात भिजवीत, ती खदखदून निवली की आई तिच्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ टाकी. मग कुंच्याने भिंती मारायच्या आणि खाली हातभर उंचीचा कावेचा पट्टा ओढायचा. ओला असताना तो चुना अगदी पाणचट दिसे. आम्ही घाबरून म्हणायचो, रंग चढलाच नाही. आई म्हणायची, सकाळी बघा. सकाळी भिंती लख्ख उजळलेल्या असत. चुना वाळता वाळता पांढरा होतो. चुन्यात जो पिवळसरपणा असतो तो नीळ झाकते, म्हणून डोळ्याला पांढरा अधिक पांढरा दिसतो. पांढऱ्या सदऱ्याला नीळ देतात ती याच कारणाने.

आज कल्याणच्या बाजूला आमचा दोन खोल्यांचा संसार आहे आणि आतल्या खोलीला सर्वजण बेडरूम म्हणतात. दहा बाय नऊची खोली. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर आठ फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. या खोलीत आमची आई आणि बारावीला असलेली मुलगी झोपतात. मुलीचा अभ्यासही तिथेच. आम्ही, पत्नी आणि धाकटा चिरंजीव बाहेरच्या खोलीत.

गेल्या मे महिन्यात थोडे पैसे हाती आले, तेव्हा या खोलीला रंग काढायचे ठरले. ठरले म्हणजे आम्ही ठरविले. दुकानात शेड कार्ड उघडले आणि आमचे बोट सरळ गडद निळ्यावर गेले. का गेले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. झेंड्याचा तो रंग मनात होता. रंगाऱ्याने एकदा विचारले, "साहेब, खोली अंधारी आहे ना?" आम्ही त्याला गप्प केले. त्याने खिशातून दिशांप्रमाणे रंग सांगणारे वास्तूचे कार्डही काढले होते. त्यावर आमचे पाच मिनिटांचे भाषण झाले आणि त्या भरात त्याचा अंधाराविषयीचा प्रश्न, जो अगदी रास्त होता, तोही वाहून गेला.

आम्ही बी. कॉम. असल्याने हिशेब मात्र चोख केला. चार भिंतींची लांबी मिळून अडतीस फूट, उंची नऊ, म्हणजे ३४२ चौरस फूट. दार-खिडकीचे ३६ वजा केले, उरले ३०६. डब्यावर छापले होते की एका लिटरमध्ये दोन हात मारून १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे अडीच लिटर पुरे. पण दुकानात एक लिटरच्या खालोखाल चार लिटरचा डबा, आणि तो हिशेबाने स्वस्त. तो घेतला. दीड लिटर उरणार हे तेव्हाच ठाऊक होते.

रंगापूर्वीच्या कामात दोन गोष्टी रंगाऱ्याने शहाणपणाने केल्या, त्या सांगतो. बाहेरच्या भिंतीवर त्याने प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावला आणि दुसऱ्या दिवशी आतून दव धरले आहे का ते पाहिले. दव आले तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, पावसाळ्यात पोपडे सुटतात. आमची भिंत कोरडी निघाली. दुसरे म्हणजे, दाराच्या चौकटीला आधीच्या मालकाच्या काळातला पिवळाधमक ऑईल पेंट होता, तो त्याने कोरडा घासला नाही. पाण्याने भिजवून घासला आणि खरवड ओल्या फडक्याने टिपून घेतली. जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑईल पेंटमध्ये शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूला अपाय होतो. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्या सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगविलेल्या दारा-खिडक्यांबद्दल सावधच राहावे. घासकाम चालू असताना लहान मूल आणि गरोदर बाई त्या खोलीत नको.

भिंती निळ्या झाल्या. आम्ही दारात उभे राहून पाहत होतो आणि ऊर भरून आला होता. कार्डावर दिसला त्यापेक्षा रंग बराच गडद वाटत होता, पण तो वाळल्यावर उजळेल अशी आमची समजूत. ती चुन्याची समजूत. इमल्शनचे बहुधा उलटे असते, वाळले की ते जरा गडदच होते. शिवाय कार्डावरचा तुकडा बोटाएवढा. चार भिंतींवर तोच रंग चढला की एकीचा रंग दुसरीवर पडतो आणि सगळेच घट्ट होते.

संध्याकाळी आई आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "का रं, भिती काळ्या कशापायी केल्या?"

आम्हाला राग आला. आम्ही म्हणालो, "आई, निळ्या आहेत." ती म्हणाली, "आसंल बाबा." तिचे ते 'आसंल' आम्हाला फार लागले. पुढच्या आठवड्यात रात्री उठताना तिचे कपाळ दाराच्या चौकटीवर आपटले. चौकटही आम्ही निळीच केली होती. मुलीची तक्रार निराळी: "पप्पा, भरदुपारी ट्यूब लावल्याशिवाय वाचता येत नाही." पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला शंभरांतला ऐंशी-एक भाग परत खोलीत फेकते. गडद निळी भिंत दहा भागसुद्धा परत देत नाही, बाकीचा गिळून टाकते. एकाच खिडकीतून येणारा तोकडा उजेड आम्ही भिंतींना पाजला होता.

तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, बायकांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका, असं तुम्ही सभेत सांगता ना? त्या खोलीत झोपणाऱ्या दोघींपैकी कुणाला विचारलंत?" आम्ही वर्तमानपत्र उघडले. त्या दिवशीच्या पेपरात काय होते ते आठवत नाही.

कपाळाचा टाका दाखविण्यासाठी आईला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी डोळेही तपासले आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. आम्ही सहज त्या भिंतीचे सांगितले, तर ते म्हणाले की त्या खोटे बोलत नाहीत, त्यांना ती काळीच दिसत असणार. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे, मग तपकिरी होत जाते. पिवळी काच जशी निळा उजेड अडवते तसे ते भिंग अडवते. त्यामुळे निळा रंग राखी दिसू लागतो, गडद निळा काळा दिसतो, फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. हे इतके हळूहळू होते की माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. रंगांवर जन्म काढणारासुद्धा यातून सुटत नाही. फ्रान्सचे मोठे चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदू झाला होता. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंग दाटत गेला, आणि १९२३ साली एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना निळा पुन्हा दिसू लागला.

आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर ती पलंगावर बसली आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. मग हाताने एक डोळा झाकला, तो उघडून दुसरा झाकला. पुन्हा पहिला. आम्ही विचारले, काय करतेस? ती म्हणाली, "ह्या डोळ्यानं निळी हाय. ह्या डोळ्यानं तूच सांगतूस म्हणून निळी." मग म्हणाली, "रंग लई चांगला हाय रं. पर झोपायच्या खोलीला नगं."

या वेळी रंग निवडायला ती, नात आणि सून तिघी दुकानात गेल्या. आम्ही पिशवी धरायला. मुलीने लहान डबीत तीन फिके रंग नमुन्याला आणविले. आधी जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन-दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले, मग ते पुठ्ठे खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर टांगले. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहिले. पुठ्ठे घेतले, कारण गडद भिंतीवर थेट नमुना मारला तर शेजारच्या निळ्यामुळे तो आहे त्याहून फिका भासतो. यातला फिका पिस्ता दिवसा छान होता, पण रात्री पिवळसर दिव्यात आजारी दिसू लागला. बाद. रंग ठरविण्याआधी त्यांनी दिवाही ठरविला: अभ्यासाच्या टेबलावर पांढरा, आणि पलंगाकडे खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' लिहिलेला. निळ्या भिंतीने झोप चांगली लागते असे पुष्कळ जण सांगतात. भिंतीचे काही आम्ही बोलत नाही, पण झोपेच्या वेळी प्रखर पांढरा उजेड डोळ्यांवर असला तर झोप लांबते, एवढे नक्की.

शेवटी तिघींनी निवडला तो रंग पाहून आम्ही हसलो. पांढराच, पण त्यात निळ्याची अगदी पुसट झाक. आई म्हणाली, "चुन्यात नीळ टाकल्यावानी." छताला शुद्ध पांढरा.

खर्च मात्र वाढला, हे लपवीत नाही. गडदावर फिका चढवायचा म्हणजे आधी अस्तराचा एक हात आणि वर तीन हात लागले. पहिल्याच वेळी तीन पुठ्ठे टांगले असते तर हा दुसरा खर्च वाचला असता. मुलीने तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवला आहे.

उरलेला दीड लिटर गडद निळा मात्र वाया गेला नाही. आईला रात्री दार नेमके कुठे आहे ते कळावे म्हणून चौकटीभोवती भिंतीवर चार इंची निळा पट्टा ओढला आणि दिव्याच्या बटनांच्या पाटीभोवतीही तसाच. म्हाताऱ्या डोळ्यांना रंग कोणता यापेक्षा फिक्याशेजारी गडद आहे की नाही, हे लवकर कळते. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे. तोवर त्या पट्ट्याच्या रंगाबद्दल तिच्या दोन डोळ्यांचे एकमत नाही, पण दार सापडते.