टेबल फिरतं ठेवा

एमएसला निघालेल्यांच्या बॅगेत काय असतं ते आता पाठ झालंय. प्रेशर कुकर, त्याच्या जादा रिंगा, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि शेवटच्या क्षणी आईनं कपड्यांच्या घडीत सरकवलेलं लसणीच्या चटणीचं पाकीट. न्या, सगळं न्या. पण पोहोचल्यावर पहिल्या दोन महिन्यांतला एक रविवार मोकळा ठेवा. त्या दिवशी कुकर लावायचा नाही, डिमसम खायला जायचं. आणि जायचं ते फ्लॅटमधल्या पुणे-नाशिक-नागपूर मंडळींना घेऊन नाही, तर वर्गात शेजारी बसणाऱ्या चिनी मुलामुलींबरोबर.

आता खाण्यापिण्यावर अग्रलेख कशाला, असं वाटलं असेल तर दोन आकडे बघा. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि २ लाख ७७ हजार चिनी. तिथं बाहेरून शिकायला आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त या दोनच देशांचे. एकाच लॅबमध्ये रात्र जागवायची, एकाच प्रोजेक्टवर नाव घालायचं आणि जेवायची वेळ झाली की ते त्यांच्या टेबलावर, आपण आपल्या. भांडण वगैरे काही नसतं. ओळखच नसते. तेरा-चौदा हजार किलोमीटर उडून जायचं आणि राहायचं पुन्हा आपल्याच आळीत, ही गंमत आपल्याकडच्या हुशार पोरांनाच जमते. (चिनी हुशार पोरांनाही जमते, पण हे पान ती वाचत नाहीत.)

‘डिमसम तर इथल्या मॉलमध्येही मिळतं’ हे खरं. मिळतं ते मेयोनीज लावून, मोमोचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणून. आणि आपलं गाडीवरचं चायनीज ही तर वेगळीच पाककला आहे. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये नेल्सन वाँग यांनी केलं, ते कोलकात्यात जन्मलेले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शेजवान डोसा आणि चायनीज भेळ ही आपली कमाई आहे, अभिमानानं खावी. फक्त तीच जीभ घेऊन खऱ्या डिमसमच्या टेबलावर बसलात तर ‘हे तर फिकं आहे’ म्हणून उठाल. तिथं तिखटाची नाही, वाफेची कमाल असते.

कुठं जायचं? जिथं शिकायला जाल तिथल्या उपनगरात चौकशी करा. उदाहरणादाखल लॉस एंजेलिस घेऊ, कारण आपली बरीच पोरं तिथं जातात. उपनगर म्हटलं की आपल्याला मुलुंड-डोंबिवली आणि खच्चून भरलेली लोकल आठवते. तिथलं उपनगर म्हणजे रुंद रस्ते, बैठी दुकानं आणि दुकानांपेक्षा मोठं पार्किंग. शहराच्या पूर्वेला सॅन गॅब्रिएल व्हॅली आहे. माँटेरे पार्क, अल्हाम्ब्रा, सॅन गॅब्रिएल, रोझमीड अशी एकमेकांना चिकटलेली गावं. बँक, औषधांचं दुकान, दातांचा डॉक्टर, सगळ्यांच्या पाट्यांवर चिनी अक्षरं. त्यातच कुठं तरी पहिल्या मजल्यावर लग्नाच्या हॉलएवढं रेस्टॉरंट. गाडी नसेल तर चौघांत कॅब करा.

रविवारी अकराला पोहोचलात तर नंबर घेऊन उभं राहावं लागेल. आजूबाजूला बघा. वॉकर धरलेली आजी, सूनमुलगा, मोबाइलमध्ये डोकं घातलेला तुमच्याच वयाचा नातू. हे पर्यटकांचं ठिकाण नाही, हा त्यांच्या घरचा रविवार आहे. आपल्याकडे रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग असते ना, तोच भाव. आत गेल्यावर आधी चहा कुठला, ते विचारतील. जास्मिन, पु-अर, शेवंतीचा. खरं तर या सगळ्या प्रकाराचं नावच कँटोनीज भाषेत ‘यम चा’, म्हणजे चहा पिणं. डिमसम हे चहाबरोबरचं खाणं. पूर्वी सगळीकडे बायका ट्रॉल्या ढकलत यायच्या, हवी ती बांबूची टोपली उचलायची आणि त्या तुमच्या कार्डावर शिक्का मारायच्या. आता बऱ्याच ठिकाणी कागदावर पेन्सिलीनं टिक करायची असते. ट्रॉली मिळाली तर सोडू नका. झाकण उघडल्यावर बघून ठरवता येतं, नावं यावी लागत नाहीत.

पहिल्यांदा हार गाव मागवा. कोळंबीचा मोदक म्हणा हवं तर. ही थट्टा नाही. गव्हाच्या सत्त्वाच्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, गरम असतानाच मळायचं, पातळ पारी करायची, सारण भरायचं आणि एका बाजूनं कळ्या घालत मिटायचं. ही उकडच झाली की! वाफवल्यावर पारी इतकी पारदर्शक होते की आतली गुलाबी कोळंबी दिसते. कळ्या सातापेक्षा कमी नसाव्यात असा संकेत आहे. आपल्याकडे मोदकाच्या कळ्या मोजून सुनेची परीक्षा घेत, तिथं आचाऱ्याची घेतात. चाँग फन म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली मऊ गुंडाळी, वरून गोडसर सोया सॉस. लो माय गाय म्हणजे कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात. आपण हळदीच्या पानात पातोळ्या करतो, त्यामुळे पान उलगडतानाचा वास अनोळखी असला तरी कल्पना ओळखीची वाटेल. मग कोंबडीचे पाय येतील. तळून, भिजवून, काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये शिजवलेले. वजडी आणि पाया चापणाऱ्या महाराष्ट्रानं इथं नाक मुरडायचं काही कारण नाही. नको तर नका खाऊ, पण ‘ई’ करू नका. तुमच्या सुक्या बोंबलाचा डबा शेअर्ड फ्रिजमध्ये उघडला जाईल तेव्हा तो ‘ई’ काय असतो ते कळेलच.

शाकाहारी असाल तर सरळ सांगा, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. फक्त दिसण्यावर जाऊ नका. मुळ्याची वडी बघून हायसं वाटेल, पण तिच्यात बहुधा सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, तो नको म्हणून आधीच सांगावं लागतं. तिळाच्या गोल तळलेल्या पुऱ्यांत गोड सारण असतं, पण चरबी वापरली आहे का ते विचारा. वर्गातला तो चिनी दोस्त बरोबर असण्याचा इथं रोकडा फायदा आहे.

पण त्याच्याबद्दलही एक गैरसमज आधीच काढून टाका. तो चिनी आहे म्हणजे त्याला डिमसममधलं सगळं कळतं, असं नाही. डिमसम हे दक्षिणेचं, ग्वांगडाँग आणि हाँगकाँगचं. तो हार्बिनचा असेल तर त्याचं घरचं खाणं वेगळं, आणि वेटरची कँटोनीज त्याला तुमच्याइतकीच अगम्य असण्याची शक्यता आहे. ‘तू इंडियन ना, मग डोसा कसा करतात सांग’ असं कुणी साताऱ्याच्या पोराला विचारावं, तसं ते होईल. म्हणून आधी विचारा, तू कुठला, तुमच्याकडे सकाळी काय खातात. अर्धा तास गप्पांची सोय झाली. पाच वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही देशांमधली थेट विमानं सुरू झाली, त्यातलं पहिलं कोलकात्याहून ग्वांगझूला गेलं. म्हणजे थेट डिमसमच्या माहेरी. हेही सांगा, त्याला आवडेल.

एकट्यानं जाऊन हे खाणं जमत नाही. एका टोपलीत तीन-चार नग. एकट्यानं दोन टोपल्या मागवल्या की पोट भरलं, खेळ संपला. पाच-सहा जण असले की बारा पदार्थ होतात आणि प्रत्येकाला चव मिळते. चार नग आणि पाच माणसं असली की शेवटचा कुणी घ्यायचा यावर जी लाजरी ढकलाढकल होते, ती आपल्याला शिकवावी लागणार नाही. मोठ्या टेबलावर मधोमध फिरती काचेची थाळी असते. १९१५ मध्ये वू लिएन-ते या डॉक्टरांनी अशी फिरती थाळी सुचवली होती. मांचुरियातल्या प्लेगशी लढलेला हा माणूस. सगळ्यांच्या चॉपस्टिक एकाच ताटात जाण्यातून रोग पसरतो ही त्यांची काळजी, पण एकत्र जेवणं मोडायलाही ते तयार नव्हते. थाळी फिरवताना समोरचा वाढून घेत असेल तर थांबा, एवढाच नियम. चहा आधी दुसऱ्याच्या कपात, मग आपल्या. आपल्याला कुणी ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, हे ‘थँक्यू’. दंतकथा अशी की छियनलुंग बादशहा वेष पालटून हिंडत असताना त्यानं सेवकांना चहा ओतला; साष्टांग घातलं असतं तर बिंग फुटलं असतं, म्हणून बोटांनीच नमस्कार केला. किटलीतला चहा संपला की झाकण तिरकं ठेवायचं, कुणाला हाका माराव्या लागत नाहीत.

थोडा इतिहास ठाऊक असला तर त्या हॉलकडे वेगळ्या नजरेनं बघाल. १८८२ मध्ये अमेरिकेनं कायदा करून चिनी कामगारांना दार बंद केलं. १९४३ मध्ये तो रद्द झाला, पण वर्षाला फक्त १०५ जणांना मुभा मिळाली. हसू नका, १९४६ मध्ये भारतीयांना मिळाली ती १०० जणांची. घरांच्या खरेदीखतात ‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही’ अशी कलमं असत. त्यांची अंमलबजावणी कोर्टांना करता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं १९४८ मध्ये दिला. १९६५ च्या कायद्यानं देशवार कोटे गेले. डिमसमच्या हॉलमधले ते आजोबा आणि तुमचे न्यू जर्सीचे काका एकाच दारातून आत आलेत. पुढे तैवान-हाँगकाँगची कुटुंबं माँटेरे पार्कमध्ये घरं घेऊ लागली, आणि १९९० च्या जनगणनेपर्यंत गावात निम्म्याहून जास्त वस्ती आशियाई वंशाची झाली.

ते सुखासुखी झालं नाही. पाट्या चिनीत का, असा वाद पेटला. १९८६ मध्ये माँटेरे पार्कच्या कौन्सिलनं इंग्रजीच्या बाजूनं ठरावही केला, तो पुढे मागे घेतला गेला. मराठी पाट्यांवर तावातावानं बोलणाऱ्या आपल्यासाठी ही गोष्ट जरा अडचणीची आहे. दोन्ही प्रश्न एकसारखे नाहीत. आपली भाषा आपल्याच घरात मागे पडते आहे, तिथल्या इंग्रजीला कसली भीती? मराठी पाटीचा आग्रह धरावाच. पण विमान उतरलं की तुम्ही पाटीच्या दुसऱ्या बाजूला असता. तुमच्या किराणा दुकानावरची देवनागरी कुणाला तरी खुपत असते.

आणि हे सगळं परदेशी गेल्यावरच सुरू करायचं असंही नाही. मणिपूर-मिझोरामहून तुमच्या कॉलेजात आलेल्या मुलीला ‘चिनी’ म्हणून हाक मारणारे याच कँटीनमध्ये बसतात. २०२० च्या कोरोनात ईशान्येकडच्या मुलांना आपल्याच शहरांमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते फार जुनं नाही. तिच्या चेहऱ्यावरून देश ठरवणारा उद्या लॉस एंजेलिसमध्ये वंशद्वेषावर पोस्ट टाकणार असेल, तर आधी या कँटीनमधल्या टेबलावर खुर्ची सरकवून तिला जागा करून द्यावी.

कधी तरी टेबलावर गलवान निघेलच. जून २०२० मध्ये आपले २० जवान गेले, ते विसरून चहा प्या असं कुणी सांगणार नाही. तुमचं म्हणणं स्पष्ट मांडा, त्याचंही ऐका. त्याला घरी काय शिकवलंय आणि तुम्हाला काय, यातलं अंतर तुम्हाला तिथंच कळेल, टीव्हीवरच्या आरडाओरड्यात नाही. फक्त पहिल्याच टोपलीला सुरुवात करू नका, हार गाव गार होतात.

शेवटी बिल. तिथली मोठी माणसं बिलासाठी अक्षरशः झटापट करतात, आपल्या मामा-काकांसारखीच. विद्यार्थ्यांनी सरळ भागून घ्यावं. मोठा ग्रुप असेल तर टिप कधी कधी बिलातच धरलेली असते, तेव्हा दोनदा देण्याआधी कागद वाचा. डॉलरचे रुपये करत बसू नका, घास उतरणार नाही. आणि उठण्याआधी पुढच्या रविवारचं आमंत्रण देऊन टाका, तुमच्या फ्लॅटवर, पिठलं-भाकरीचं. भाकरी थापता येत नसेल तर अजून दोन महिने हातात आहेत, आजीला गाठा.