उपाशी बाईला उपासाचा सल्ला

‘15 दिवसांत 7 किलो वजन कमी’ ही जाहिरात पूर्वी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत दिसायची. आता ती परंड्यासारख्या तालुक्याच्या गावातही पोचली आहे, आणि हातातल्या मोबाईलवर तर दिवसातून चार वेळा येते. चित्र बहुधा बाईचंच. पोट काय फक्त बायकांचंच सुटतं? आडतीवर, दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीत बसलेली पोटं मोजायला घ्या, टेप पुरायचा नाही. पण पुरुषाच्या पोटाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. मुलगी जरा अंगाने भरलेली असली की बघायला आलेली माणसं पोहे खाऊन जातात आणि मध्यस्थाकरवी नकार कळवतात. बाळंतपणानंतर सुटलेल्या बाईला तर नवऱ्यापासून जावेपर्यंत सगळेच सल्ला देतात, आणि सगळ्यांचा सल्ला एकच: खाणं कमी कर.

हे लिहिते आहे ते या सल्ल्याविरुद्ध. वजन कमी करण्याविरुद्ध नाही. कंबरेचा घेर वाढला की साखर, रक्तदाब, गुडघे ही दुखणी मागे लागतात, हे खरंच आहे. ‘जशी आहेस तशी स्वतःला स्वीकार’ एवढं म्हणून आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणी थांबतात. आरशापुरतं ते ठीक आहे. पण साखरेच्या आजाराला आपल्या आत्मसन्मानाशी काही देणंघेणं नसतं. तेव्हा प्रश्न वजन कमी करावं की नाही हा नाही. ते कुणाच्या ताटातून आणि काय काढून कमी करायचं, हा आहे.

आधी आपली परिस्थिती बघू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर 100 बायकांपैकी साधारण 21 जणी गरजेपेक्षा हडकुळ्या आहेत आणि 23 जणी गरजेपेक्षा जाड. आणि रक्त कमी असलेल्या किती? 54. आधीच्या, 2015-16 च्या पाहणीत त्या 48 होत्या. म्हणजे रक्त वाढण्याऐवजी घटलं. आपल्याला वाटतं, रक्त कमी ते वाळलेल्या बाईला. तसं नसतं. अंगाने भरलेल्या पुष्कळ बायकांना जिना चढताना धाप लागते ती वजनाने की रक्त कमी असल्याने, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण तपासतं कोण? ‘जाड झालीस म्हणून दमतेस’ एवढं सांगून मोकळे.

जाड असूनही उपाशी, हे कसं होतं? आपल्या घरातलं रात्रीचं जेवण आठवा. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, शेवटी ती. डाळ वर वर वाढली गेलेली असते, तिच्या वाट्याला आमटीचं पाणी. अंडी आणलीच तर मोजून. दूध पोरांना आणि चहाला. उरतो भात, नाहीतर भाकरी. कधी तो एवढासाच उरतो आणि ती चहा पिऊन निजते. कधी पातेलंभर उरतो आणि ‘टाकायचं कशाला’ म्हणून रात्री दहा वाजता ती सगळा संपवते. सकाळी शिळ्या चपातीचा कुस्करा. दिवसभर जो येईल त्याच्यासोबत चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत 50 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 25 ग्रॅमच्या आत ठेवा. ही बाई एकाच दिवसात कमीही खाते आणि जास्तही. जास्त होतं ते पीठ, भात, साखर. कमी पडतात त्या डाळी, अंडी, दूध, पालेभाज्या.

अशा बाईला कुणी सांगितलं, एक जेवण सोड, तर ती नेमकं काय सोडेल? चहा सोडणार नाही, कारण तो पाहुण्यांबरोबर असतो. रात्रीचं जेवण सोडेल. आणि बहुतेक घरांत दिवसभरातली डाळ काय ती त्याच वेळी शिजते.

2018 च्या सुमाराला मराठी घरांत एक वाद फार रंगला होता, ‘दीक्षित की दिवेकर’. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. मुंबईच्या ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं दर दोन तासांनी खा. दोन्हीकडे घेण्यासारखं आहे. साखर सोडा, पायी चाला, हे दीक्षितांचं म्हणणं योग्यच. आपलं घरचं, हंगामातलं अन्न खा, हे दिवेकरांचं म्हणणं योग्यच. पण घराघरांत वाद झाला तो फक्त घड्याळाचा. जेवायला 55 मिनिटं! मैत्रिणींनो, सलग 55 मिनिटं ताटासमोर बसलेली बाई आपल्यापैकी कुणी पाहिली आहे का? आणि दर दोन तासांनी खायचं तर ते करून तिच्या हातात कोण देणार? जो सल्ला वाढून घेणाऱ्यासाठी तयार झाला, तो वाढणारीला तसाच्या तसा लागू होत नाही. पुरुषाने एक जेवण सोडलं तरी दुसऱ्या जेवणात त्याला मटणाची वाटी पहिली मिळते. तिचं सोडलेलं जेवण तिला परत कुणी देत नाही.

बरं, जेवण सोडायला आपल्याला कुणी शिकवायला नको. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मंगळवार. आपल्या जिल्ह्यात तर तुळजापूरची आई, नवरात्रात नऊ दिवस कडक उपास, कितीतरी जणी अनवाणी चालत जातात. श्रद्धेने केलेल्या उपासाबद्दल मी इथे बोलत नाही, तो जिचा तिचा प्रश्न. पण ‘उपासाने वजनही उतरेल’ ही जी पुस्ती आता त्याला जोडली आहे, तिचा हिशेब करू. 100 ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण 350 कॅलरी, आणि त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. वर मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप. थाळी 600 कॅलरीच्या घरात गेली, प्रथिनं आली ती शेंगदाण्याची सात-आठ ग्रॅम. त्याऐवजी 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पालेभाजी खाल्ली तर 500 कॅलरीच्या आसपास, प्रथिनं 16-17 ग्रॅम, आणि संध्याकाळपर्यंत पोट भरलेलं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याकडे थट्टेने म्हणतात, पण गणित खरंच तसं आहे.

उपाशी राहून वजन उतरतंच नाही असं नाही. उतरतं, म्हणून तर फसायला होतं. पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो जातात त्यांत बरंचसं पाणी असतं. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात, कारण प्रथिनं मिळत नाहीत. मग थकवा, केस गळणं, पाळी पुढेमागे होणं. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडेही होतात. आणि एक दिवस बांध फुटतो, बाई कढईतलं उभ्याने खाते, आणि वर स्वतःलाच दोष देते, ‘माझाच निग्रह कमी’.

निग्रहाचा यात काही संबंध नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. सगळे स्वतःहून आलेले, युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे, म्हणजे निग्रहाचे पक्के. त्यांना दिवसाला सरासरी 1570 कॅलरी मिळत. काही आठवड्यांत ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडू लागले, दिवसरात्र फक्त खाण्याचा विचार करू लागले. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर स्नायू भरून यायच्या आधी चरबी परत आली, आणि पूर्वीपेक्षा जास्त आली. बाईची गरज पुरुषापेक्षा कमी, हे मान्य. पण वजन घटवण्याच्या दुकानांतून 800 आणि 1000 कॅलरीच्या चिठ्ठ्या सर्रास दिल्या जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या हिशेबाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईला 1660 कॅलरी लागतात, आणि अंगमेहनतीचं काम करणारीला 2720. आपल्या भागातून कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्या बाया या दुसऱ्या आकड्यातल्या. तोड संपवून गावी परतल्यावर त्यांच्याही मोबाईलवर तीच 15 दिवसांची जाहिरात येते.

आता थोडं मागे जाऊ, कारण भूक आणि साखरेचा आजार यांचं नातं आपल्याच राज्यात उलगडलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपली बाळं लहान होती ती स्नायूंनी आणि अवयवांनी. चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवलेली होती. दिसायला बारीक, आत चरबीची. अशा शरीराला पुढे साखरेचा धोका जास्त. आणि ज्या आया गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात होत्या, त्यांची बाळं मोठी निघाली. बाईने पोरासाठी खावं असं मला म्हणायचं नाही, ते ऐकून कान किटले. तिने स्वतःसाठी खावं. मी हे सांगते ते एवढ्यासाठी की, आज चाळिशीत सुटलेल्या पोटामागे तिची हाव नाही. आईची आणि आजीची भूक त्यात आहे. भुकेने बिघडलेलं शरीर आणखी भुकेने कसं सुधारेल?

बाजाराबद्दल फार लिहीत नाही, तो आपल्याला ओळखीचा आहे. डब्यातल्या पावडरी, घाम काढणारे पट्टे, जुलाबाच्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्या. पट्ट्याने जातो तो घाम, गोळीने जातं ते पाणी. थायरॉइडचा आजार नसताना वजनासाठी थायरॉइडची गोळी घेणं तर हृदयाशी खेळ आहे. सिब्युट्रामिन नावाचं वजन घटवणारं औषध आपल्या देशात दुकानांतून विकलं जायचं. हृदयाला धोका म्हणून 2011 साली त्यावर बंदी घालावी लागली. 2025 साली माउंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. ज्यांना खरी गरज आहे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण ती महाग आहेत, आणि बंद केली की बरंचसं वजन परत येतं.

उलट बाजूने, वजन वाढलं की बाईच्या खाण्याकडे बोट दाखवण्याआधी विचारावं, तिला औषधं कोणती चालू आहेत? 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आलेलं ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन काही बायकांचं वजन वाढवतं. सांधेदुखीवर परस्पर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा आणि पोट सुजतं. थायरॉइडचं काम मंदावलं तरी वजन वाढतं. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. औषध मनाने बंद करू नये, पण विचारायचा हक्क आपला आहे.

राहिलं चालणं. बार्शीचा डॉक्टर सांगतो, ‘रोज 45 मिनिटं चाला.’ कुठे? परंड्यासारख्या गावात डोक्यावर भारा किंवा हातात पिशवी नसलेली बाई रस्त्याने निघाली की दहा जण विचारतात, ‘कुणीकडं?’ पहाटे कुत्री आणि अंधार, संध्याकाळी स्वयंपाक. मग पुरुष म्हणतात, आमच्या आया जातं ओढायच्या, त्या कुठे सुटल्या होत्या? त्या सुटल्या नव्हत्या, पण चाळिशीत वाकल्या होत्या, हे ते सांगत नाहीत. आपल्याला जातं परत नको. आपल्याला रस्त्यावर दिवे हवेत, आणि संध्याकाळची भाकरी आठवड्यातून काही दिवस दुसऱ्या कुणी थापायला हवी. हे घडेपर्यंत एकेकटीने चालायला जाऊ नये, चौघी-पाचजणींनी मिळून जावं. भुईकोट किल्ल्याच्या बाजूला पाचजणी रोज दिसल्या की आठव्या दिवशी कुणी विचारत नाही.

गटांनी काय करावं? किलोंच्या मागे लागू नये. 70 किलोच्या बाईचे सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो. बैठकीत वजनकाट्याऐवजी टेप आणावा, शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीकडे असतोच. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तिने सरकारी दवाखान्यात साखर, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, तिन्ही एकाच फेरीत. चहातली साखर सगळ्या गटाने मिळून निम्मी करावी, एकटीने केली तर घरात थट्टा होते. आणि ताटातून काढण्याआधी ताटात घालावं. 55 किलोच्या बाईला दिवसाला 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, एक अंडं, पेलाभर दूध किंवा दही, एवढ्यात ती भागतात. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, पण ते मुख्यतः गहू-तांदूळ. ज्वारी, तूर, हुलगा आपल्याच रानात पिकतो आणि आपल्याच घरातून बाजारात जातो. पोतं बांधण्याआधी घरापुरतं काढून ठेवायचं का, हे ठरवताना बाईला कोण विचारतं? हा विषय बैठकीत घ्या.

आणि एक कागद करा. काल रात्री घरात कोणी आधी खाल्लं, कोणी शेवटी, कुणाच्या ताटात किती वाट्या डाळ पडली, हे प्रत्येकीने लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारणीने लिहावं. नावं घालू नका. गटाचं आणि गावाचं नाव टाकून ते कागद आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.