क्षणभराचा पुरावा, कायमची सज्जता

लोणारचे विवर हा आकाशातून आलेल्या आघाताचा पुरावा आहे. काळ्या पाषाणातील सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा हजारो वर्षे टिकून राहिला. अभ्यासक शंभर वर्षे उशिरा आले असते तरी काही बिघडले नसते. आकाशातील सर्वच घटना मात्र इतक्या सोशिक नसतात. प्रचंड ताऱ्याचा अंत होताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना गॅमा किरणांचा जो स्फोट होतो, तो काही सेकंदांत, कधी सेकंदाच्या अंशातच, संपतो. हे किरण वातावरणात अडत असल्याने त्यांची दखल उपग्रहानेच घ्यावी लागते, आणि ती तेव्हाच घेतली नाही तर पुरावा कायमचा हातचा जातो. अशा पुराव्यासाठी समाजाने खर्च कसा करावा, हा प्रश्न खगोलशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने २०२५ मध्ये १० वर्षे पूर्ण केल्यामुळे त्याचा विचार आता लांबणीवर टाकता येणार नाही.

या संशोधनाचा इतिहास बोलका आहे. चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या वेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी असा पहिला स्फोट नोंदविला; त्याची वार्ता जगाला १९७३ मध्ये कळली. पुढे शेकडो स्फोट नोंदले गेले, तरी ते आपल्या आकाशगंगेतले की तिच्या पलीकडचे, हा वाद मिटेना. कारण किरण कोठून आले हे नेमके सांगता येत नव्हते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी बेपोसॅक्स उपग्रहाने एका स्फोटामागे रेंगाळणारी क्ष-किरणांची आभा टिपली, तत्काळ पृथ्वीवरील दुर्बिणी तिकडे वळल्या आणि त्याच वर्षी अंतराचे कोडे उलगडू लागले. जे नुसत्या नोंदींनी तीस वर्षांत साधले नाही, ते तत्पर पाठपुराव्याने काही महिन्यांत साधले.

पाठपुराव्याची अशी साखळी आज आपल्याकडेही उभी आहे आणि तिचे महत्त्वाचे दुवे महाराष्ट्रात आहेत. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील सीझेडटीआय या उपकरणाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा प्रमुख वाटा होता. त्याच्या नोंदींवर पुण्याच्या आयुकात काम चालते. लडाखमधील हानले येथे मुंबई आयआयटी व भारतीय ताराभौतिकी संस्था यांची स्वयंचलित दुर्बीण आहे. रेडिओ लहरींसाठी नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी आहे. नोव्हेंबर २०२३ पर्यंत ॲस्ट्रोसॅटने ६०० स्फोट नोंदविले होते.

दोन प्रसंग येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. जानेवारी २०१७ मध्ये दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून गुरुत्वीय लहरी आल्या, आणि त्याच दिशेला एक मावळता प्रकाशबिंदू आढळला. दोहोंचा संबंध असावा असे वाटू लागले असतानाच, हा प्रकाश दुसऱ्या दिवशी झालेल्या एका निराळ्या गॅमा स्फोटाचा आहे, हे सीझेडटीआयच्या नोंदींच्या आधारे दाखविता आले. चुकीचा निष्कर्ष टळणे हेही ज्ञानच होय. दुसरा प्रसंग १७ ऑगस्ट २०१७ चा. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. ॲस्ट्रोसॅटला मात्र ते दिसले नाहीत, कारण त्या क्षणी मध्ये पृथ्वी आली होती.

ज्या विदर्भात कापूस-सोयाबीनच्या भावासाठी शेतकऱ्याला झगडावे लागते, तेथे ही चैन कशासाठी, असा आक्षेप निघेल. आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ॲस्ट्रोसॅटला सुमारे १७८ कोटी रुपये लागले, म्हणजे माणशी दीड रुपयाहूनही कमी. पण हा हिशेब फसवा आहे. लोकसंख्येने भागले की कोणताही खर्च किरकोळच दिसतो. खरी कसोटी अशी की, हे काम सरकारने केले नाही तर दुसरे कोणी करील काय? ज्या ज्ञानाची मालकी कोणाकडे राहत नाही, त्यावर बाजार भांडवल घालीत नाही. तहसिलीतील पर्जन्यमापकाचेही तसेच आहे. पाऊस पडो वा न पडो, नोंद रोज घ्यावी लागते. राहून गेलेल्या दिवसाची नोंद मागाहून कितीही पैसा ओतला तरी भरून काढता येत नाही. सज्जतेचा खर्च हा एकदाच करून मोकळे होण्याचा नसतो.

म्हणूनच 'दक्ष' या प्रस्तावित योजनेचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवून सर्व आकाशावर सतत नजर ठेवावी, अशी ती कल्पना आहे. दोन उपग्रह म्हणजे दुप्पट उधळपट्टी, असे वित्त खात्याला वाटू शकेल. परंतु १७ ऑगस्ट २०१७ चा अनुभव नेमके उलट सांगतो. पाच वर्षांसाठी आखलेला उपग्रह दुप्पट काळ टिकला, हे आपल्या तंत्रज्ञांचे यश आहे. त्या यशावर विसंबून पुढची तजवीज टाळणे शहाणपणाचे नव्हे.

आणखी एक गोष्ट. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर सर्वांना खुल्या होतात. मेहकर वा खामगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्या पाहण्यासाठी संगणक पुरतो. पण त्या वाचायला शिकविणारा प्राध्यापकही लागतो. विज्ञानाच्या जागा रिकाम्या ठेवून उपग्रह सोडणारा देश आपल्याच गुंतवणुकीचे व्याज सोडून देत असतो. उपग्रहाच्या निधीइतकीच या जागांची मागणीही शिक्षकांनी आणि पालकांनी लावून धरली पाहिजे.