पानाचे माप, पडद्याचे माप

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. तेथील जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती आज पीडीएफ रूपात घरबसल्या वाचावयास मिळतात. आपल्याकडील वडीलधारी मंडळी स्वाध्यायाचे ग्रंथही अशाच प्रतींतून वाचू लागली आहेत. मोबाइलच्या प्रकाशाने त्यांचे डोळे शिणतात, म्हणून मुले हौसेने ई-इंक पडद्याचा ई-रीडर आणून देतात. पुष्कळ घरांत तो लवकरच कपाटात जातो, कारण अक्षर लागत नाही.

दोष पडद्याचा नव्हे. ई-इंकवरील अक्षर कागदाप्रमाणे बाहेरच्या उजेडात दिसते आणि डोळ्यांस सौम्य वाटते. अडचण पीडीएफची आहे. ते पानाचे गोठविलेले चित्र असल्याने अक्षर वाढविले की ओळ पडद्याबाहेर जाते. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे ९ सेंटिमीटर, तर ए-फोर पानाची २१. म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ५ पॉइंटचे उरते. त्यात अनुस्वार आणि रफार शोधावे लागतात.

यावर पहिला उपाय समास कापण्याचा. रिकामी कड गेली की तेवढेच अक्षर मोठे होते. कोरीडर या विनामूल्य प्रणालीत ही सोय उत्तम आहे. मात्र ती प्रत्येक यंत्रावर सहज बसत नाही. त्यानंतर यंत्र आडवे धरावे. रुंदी १२ सेंटिमीटर मिळते आणि पान दोन-तीन टप्प्यांत वाचता येते. कल्याणहून मुंबई गाठेपर्यंत लोकलमध्ये एखादे प्रकरण सहज होते, अर्थात बसावयास जागा मिळाली तर!

के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचे साधन शब्दांची चित्रे कापून ओळी नव्याने रचते. गद्यास ते चालते. श्लोक आणि कोष्टके मात्र विस्कटतात. पीडीएफचे मजकुरात रूपांतर करण्याच्या मोहात तर पडूच नये. युनिकोडपूर्व फाँटात जुळविलेल्या मराठी अंकांचे त्यातून इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते.

दहा इंची यंत्रावर डेमी आकाराचे पुस्तक जवळजवळ मूळ मापात दिसते, पण किंमत बरीच चढते. खरेदीपूर्वी ९ बाय १२ सेंटिमीटरचा कागद कापून आपल्या नेहमीच्या ग्रंथावर ठेवावा. त्याखाली जेवढा मजकूर झाकला जाईल, तेवढाच सहा इंची पडद्यावर मूळ आकारात दिसेल.