सर्व किंवा कांहींच नाहीं

एका पालकांची हकीकत नुकतीच आमच्या कानीं आली. मुलीच्या प्रवेशाची फी त्यांनीं एका शाळेंत भरली. संगणकांत पैसे जमा झाले, पावतीही निघाली. परंतु मध्येंच वीज गेल्यामुळें पटावर मुलीचें नांव चढलेंच नाहीं. ‘पट दाखवील तेंच खरें,’ असें कारकुनांचें म्हणणें. पावती हातांत असूनही त्या गृहस्थांस चार दिवस खेटे घालावे लागले.

दोष विजेचा, असें पुष्कळांस वाटेल. आमच्या मतें दोष रचनेचा आहे. जमा, पावती आणि पट या नोंदी तीन असल्या, तरी कार्य एकच होय. तें सर्व व्हावें, अथवा मुळींच होऊं नये. अशा अविभाज्य कार्यास संगणकशास्त्रांत ‘ट्रॅन्झॅक्शन’ म्हणतात. जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं या कल्पनेच्या गुणांचें व मर्यादांचें विवेचन केलें; पुढें १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक त्यांस मिळालें.

परंतु डेटाबेसमध्यें नुसती सोय असून भागत नाहीं. ती वापरण्याची शिस्त हवी. प्रोग्रामचा प्रत्येक भाग आपापली नोंद परस्पर पक्की करूं लागला, तर असा घोटाळा व्हावयाचाच. त्यावर ‘युनिट ऑफ वर्क’ ही पद्धति आहे. मार्टिन फाउलर यांनीं २००२ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे. काय नवें आलें, काय बदललें, काय काढलें, यांचें एकच कच्चें टिपण ठेवावयाचें. आणि काम पुरें होतांच तें सारें एका ट्रॅन्झॅक्शनमध्यें, योग्य क्रमानें, पक्क्या वहींत उतरवावयाचें. मध्यें बिघाड झाल्यास पक्की वही पूर्ववत् राहते. ‘पक्कें करा’ हा हुकूम मात्र ज्यास संपूर्ण काम ठाऊक आहे त्यानेंच द्यावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. एकाच नोंदीचें काम असेल, तर आम्हीही तसेंच म्हणूं. शिवाय टिपण फार वेळ उघडें ठेवूं नये. तेवढ्यांत दुसऱ्यानें तीच नोंद बदललेली असावयाची. आणि धाडलेला संदेश मागें घेतां येत नाहीं, म्हणून नोंद पक्की झाल्यावरच तो पालकांस धाडावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कित्येक पुढें प्रोग्राम लिहितील. त्या वेळीं पावती घेऊन दारांत तिष्ठणाऱ्या त्या पित्याचें स्मरण ठेवा. अर्धें झालेलें काम न झालेल्या कामाहून अधिक घातक; कारण तें झाल्यासारखें दिसतें.