प्रवेश मिळाला, शिक्षकाचे काय?

ठाकुर्लीतल्या एखाद्या शाळेत अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमताही दिव्यांगत्वात धरली. पण वर्गात बसणे म्हणजे शिकणे नव्हे. प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ४,८६० पदे मंजूर केली, पण ती केंद्रनिहाय. म्हणजे एकाच शिक्षकाच्या वाट्याला अनेक शाळा. आज आलेल्या बाई पुन्हा कधी येणार, हे मुलाने कसे ओळखावे? मधले दिवस वर्गशिक्षिकेच्या आणि आईच्या जिवावर! मुलाला सामावून घ्यायचे, तर त्याला शिकवणारे माणूसही शाळेत रोज दिसले पाहिजे.