मधू सप्रेचं काय चुकलं?



मागच्या बैठकीत नवरात्रातल्या सौंदर्यस्पर्धेचा विषय निघाला. पोलिसांना निवेदन देऊन ती बंद पाडायची, असं बहुतेकींचं मत पडलं. माझा ह्या निवेदनाला विरोध आहे. स्पर्धेला माझा पाठिंबा आहे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. पोरींना रांगेत उभं करून नाकीडोळी मोजायची हा बाजार आहे, आणि तो आता महाड-पोलादपूरच्या मांडवापर्यंत आला आहे, हे मलाही दिसतं.

पण मला मधू सप्रे आठवते. मैदानावर वाढलेली ही मराठी खेळाडू मुलगी १९९२ साली मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत पोचली. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असा प्रश्न आला. ती म्हणाली, खेळांसाठी स्टेडियम बांधीन. ती तिसरी आली, नामिबियाची मिशेल मॅक्लीन जिंकली. इथे तिची टर उडवली गेली. गरिबीबद्दल, भुकेबद्दल बोलायला हवं होतं म्हणे! त्या मंचावर गरिबांचा कळवळा हाही पोशाखाचाच भाग असतो. तो तिनं चढवला नाही, एवढंच. तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते.

पुढे १९९५ साली बुटांची ती जाहिरात आली. मधू आणि मिलिंद सोमण, पायांत बूट, अंगाभोवती अजगर, बाकी काही नाही. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला. सुटका झाली २००९ मध्ये. चौदा वर्षं! बाईचं शरीर वापरून माल खपवू नका, हा आपला आक्षेप होता. संस्कृतिरक्षकांना बाईचं शरीरच झाकून, कोंडून ठेवायचं होतं. पोलीसठाण्यात गेल्यावर हा फरक कोण लिहून घेतो? १९९६ ला बंगलोरच्या मिस वर्ल्डच्या वेळी तेच झालं. आपल्या संघटनांची भूमिका वेगळी होती, पण लोकांच्या नजरेत सगळे विरोधक एकच ठरले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर गेली, स्पर्धा मात्र थाटात पार पडली.

आणि हे आपण महाडमध्ये विसरावं? डिसेंबर १९२७ मध्ये इथेच मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, जात ओळखू येईल असे दागिने टाकायला सांगितलं, मुलींना शिकवायला सांगितलं. त्यात ‘लाज राखा’ असा सूर नव्हता. अंगावरची गुलामीची खूण उतरवा, असं ते सांगत होते, आणि बायकांनी ती आपल्या हातांनी उतरवली. त्या गावात आपण मुलींचे कपडे फौजदाराच्या हवाली करणार?

दक्षिण कोरियातल्या बायकांनी वेगळी वाट काढली. तिथल्या ‘इफ’ नावाच्या स्त्रीवादी मासिकानं १९९९ मध्ये सेऊलला ‘अँटी मिस कोरिया’ महोत्सव भरवला. मनाई मागितली नाही, शेजारी दुसरा मांडव घातला.

आपला मांडव कसला असावा? पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरच्या मुली बघा. डोंगर उतरून शाळेला येतात, चढून घरी जातात. पळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण न्हाण आलं की पळणं बंद. मैदानावर संध्याकाळी मुलांचं क्रिकेट, आणि मुलगी कडेनं गेली तरी चार शिट्ट्या. स्पर्धेच्या मंचावर निदान टाळ्या मिळतात, म्हणून त्या तिथे जातात. त्यांना दोष देण्याआधी दुसरी कुठली जागा त्यांच्यासाठी ठेवली, हे आपण सांगायला हवं.

तेव्हा निवेदन द्यायचंच तर तहसीलदारांना देऊ. आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान मुलींचं, जवळ पाण्याची सोय असलेला संडास, आणि परतीच्या वेळेला एसटी. स्पर्धेच्याच दिवशी सकाळी मुलींच्या शर्यती लावू. मसुदा मी पुढच्या बैठकीला लिहून आणते. वाड्यांवर जाऊन मुलींची नावं कोण घेणार, तेवढं ठरवून या.